ज्याची भरणी, त्याची सही

ट्रान्सपोर्ट नगरात भाड्याची वाट बघणारे, साखर कारखान्याच्या काट्यापुढे रांगेत उभे असलेले किंवा उरणच्या यार्डाबाहेर ट्रेलर लावून बसलेले ड्रायव्हर गप्पा मारू लागले, की थोड्याच वेळात विषय जुन्या अपघातांवर येतो. कुणाची सळई केबिनमध्ये घुसली, कुणाचा कडबा तारेला लागून पेटला, कुणाची पत्र्याची कॉइल वळणावर ट्रेलर सोडून रस्त्यावर गेली. बाहेरच्या माणसाला या गप्पा वेळ घालवण्यापुरत्या वाटतात. नीट ऐकलं तर त्यांत एक शिस्त सापडते. माल कोणता, किती टन, कुठे भरला, कुणी बांधला, गाडी कुठल्या गिअरमध्ये होती, आधी कसला आवाज आला, हे सगळं ओळीनं येतं. अपघाताच्या सरकारी नोंदीत यातलं जवळजवळ काहीच उतरत नाही. तिथे एक चालक असतो आणि त्याचा वेग असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रातली. देशातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू ‘अतिवेग’ या एका रकान्यात मांडलेले आहेत. अतिवेग हे कारण खोटं नाही. पण ४० च्या वेगाला नीट बांधलेली गाडी वळण घेते आणि उंच, एका अंगाला भरलेली गाडी त्याच वेगाला उलटते, तेव्हा ‘अतिवेग’ लिहून आपण चौकशी जिथे सुरू व्हायला हवी तिथेच थांबवतो. ट्रकचे कितीतरी अपघात रस्त्यावर घडतात, पण त्यांची सुरुवात गोदामात, भरणीच्या वेळी झालेली असते. म्हणून भरणी करणाऱ्याचं नाव कागदावर आलं पाहिजे, आणि काय बिघडलं ते ड्रायव्हरला न घाबरता सांगता येईल अशी एक जागा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सळईपासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रात जालन्याच्या रोलिंग मिलमधून रोज शेकडो टन सळई बाहेर पडते. सळईची ठरलेली लांबी १२ मीटर. साध्या ट्रकचा हौदा त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणून बंडल मधोमध वाकवून, डबल करून भरतात, किंवा लांब ट्रेलर लावतात. पूर्वी हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवून सळई मागे लोंबकळत नेण्याची पद्धत होती. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रात्री ती दिसतही नसे. २०१४ मध्ये नियम बदलून मागे बाहेर येणाऱ्या मालावर बंदी आली. ही बंदी गरजेचीच होती, पण ती फक्त मागच्या धोक्याची. ड्रायव्हरच्या जिवाला धोका आहे तो पुढे सरकणाऱ्या सळईचा.

हे गणित प्रत्येक मिलच्या भरणी सुपरवायझरनं एकदा कागदावर करून बघायला हवं. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात असं धरलेलं आहे की जोराचा ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ८० टक्के इतका जोर पुढच्या दिशेनं येतो, आणि वळणावर ५० टक्के बाजूला. हौद्यात १० टन सळई असेल तर पुढे ८ टनांचा रेटा. लाकडी तळावर लोखंडाचं घर्षण वजनाच्या साधारण ३० टक्के धरलं, तर ३ टन घर्षणानंच अडतं. उरलेले ५ टन कुणी धरायचे? वरून आडवा टाकलेला रॅचेटचा पट्टा मालाला खाली दाबतो, सरळ मागे ओढत नाही. हातानं घट्ट केलेला एक पट्टा साधारण ६०० किलोचा दाब देतो असं धरलं, तर त्यातून घर्षण वाढतं फक्त १८० किलोनं. म्हणजे नुसत्या पट्ट्यांवर भरवसा ठेवायचा तर २८ च्या आसपास पट्टे लागतील. प्रत्यक्षात असतात दोन-तीन रस्से, एखादी साखळी.

यातून निघणारा निष्कर्ष ड्रायव्हर लोक कुठलंही गणित न करता सांगतात: सळईचं टोक पुढच्या भिंतीला टेकलंच पाहिजे. मध्ये फूटभर जागा राहिली, तर ब्रेक लागल्यावर १० टन सळई त्या फुटात वेग पकडते आणि भिंतीवर आदळते. ठोक्याचा जोर नुसत्या रेट्याच्या कितीतरी पट असतो. हौद्याची पुढची भिंत, विशेषतः स्थानिक बॉडीवाल्याकडून बांधून घेतलेली, तो सोसत नाही आणि तिच्यामागे लगेच केबिन असते. पण क्रेनवाल्याला बंडल हौद्याच्या मधोमध सोडायला सोपं पडतं, आणि वजन मागच्या अ‍ॅक्सलवर नीट यावं म्हणूनही माल थोडा मागे ठेवला जातो. त्या मोकळ्या जागेत लाकडी ओंडके घट्ट बसवायचे, एवढंच काम असतं. ते कुणाचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून ते होत नाही.

पत्र्याच्या कॉइलची गोष्ट याहून अवघड. एक कॉइल सहज १५ ते २० टनांची असते, आणि ती गोल असते. तिचं भोक गाडीच्या लांबीच्या दिशेला असेल तर ती बाजूला लोळते, आडवं असेल तर पुढे-मागे. लोखंडी तळावर तेलकट कॉइल ठेवली तर घर्षण वजनाच्या १० ते २० टक्क्यांवर येतं. २० टनांच्या कॉइलला वळणावर १० टन बाजूचा जोर आला तर घर्षणातून २ ते ४ टन मिळतात. बाकी सगळं तिच्या खालच्या खोबणीनं, म्हणजे क्रेडलनं पेलायचं. खोबण नीट आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. कॉइल दोन्ही उतरत्या कडांवर बसली पाहिजे आणि तिचा तळ गाडीच्या तळापासून किमान २० मिलिमीटर वर राहिला पाहिजे. तळ टेकला तर वजन तळावर जातं, कडा नुसत्या शेजारी उभ्या राहतात आणि पहिल्याच गतिरोधकावर कॉइल उसळते. खाली जाड रबरी मॅट टाकली की घर्षण ६० टक्क्यांपर्यंत जातं. सपाट तळावर चार लाकडी गुटके खिळ्यांनी ठोकून पाठवलेली कॉइल मात्र फक्त रस्ता सरळ असेपर्यंत गाडीवर राहते. ड्रायव्हर हे जाणतो. पण कारखान्याच्या गेटाआत त्याला बहुतेक वेळा गाडी लावून बाजूला उभं राहायला सांगतात, सुरक्षेच्या नियमावर बोट ठेवूनच. भरणी झाल्यावर त्याच्या हातात बिल्टी, म्हणजे मालाची पावती, येते आणि त्या क्षणापासून सगळं त्याचं.

गोण्यांच्या मालात बदल हळू झाला, म्हणून तो कुणाच्या लक्षात आला नाही. तागाची गोणी खरखरीत असते. एक थर आडवा, एक थर उभा अशी थप्पी बांधली की ती एकमेकींना धरून राहते. प्लॅस्टिकच्या विणलेल्या गोण्या आल्या आणि थप्पीचा तो गुण गेला. खताच्या, सिमेंटच्या गुळगुळीत गोण्या जुन्याच पद्धतीनं फाळक्याच्या वर चार थर चढवल्या, की उतारावर वरचे थर एकसंध घसरतात. त्यात तीस-चाळीस किलोमीटर गेल्यावर कुठलाही गोणीचा माल दबतो आणि रस्सा सैल पडतो. नायलॉनचा रस्सा पावसात भिजला तर आणखी ताणतो. म्हणून पहिल्या तासाभरात गाडी बाजूला घेऊन रस्से पुन्हा ओढायचे असतात. हे जुन्या ड्रायव्हरनं क्लीनरला शिकवायचं. आता बऱ्याच गाड्यांवर क्लीनरच नाही, तर एकटा ड्रायव्हर ताडपत्रीवर चढून रस्से ओढणार कधी, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

कडब्याच्या आणि कपाशीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. नियमात बसणाऱ्या ट्रकची उंची साधारण ४ मीटरच्या आत असते. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या तारा ५.८ मीटर आणि उच्च दाबाच्या ६.१ मीटर उंच असाव्यात, असा वीज नियमांचा दंडक आहे. कागदावर मध्ये दीड-दोन मीटरची जागा दिसते. उन्हाळ्यात तार लोंबते, गावातल्या रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि कडबा पाच मीटरच्या वर रचलेला असतो, त्यामुळे ती जागा उरत नाही. तार लागली आणि गाडी चालत असेल तर न थांबता तिच्याखालून बाहेर काढायची. थांबलीच आणि पेट घेतला तर उतरताना एक पाय गाडीवर, एक जमिनीवर अजिबात ठेवायचा नाही, दोन्ही पाय जोडून लांब उडी घ्यायची आणि पाय जोडूनच दूर जायचं. कडबा रचणाऱ्या शेतकऱ्यालाही हे माहीत असायला हवं, कारण वरच्या थरावर बहुतेक वेळा त्याचीच माणसं बसलेली असतात.

उंच मालाचं वळणावर काय होतं तेही आकड्यात बघण्यासारखं आहे. ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० च्या वेगानं गेलं तर गाडीच्या वजनाच्या ३३ टक्के इतका बाजूचा जोर येतो. ४० च्या वेगानं गेलं तर २१ टक्के. उंच भरलेला ट्रक किंवा टँकर ३० ते ३५ टक्क्यांच्या आसपास आतल्या बाजूची चाकं उचलू लागतो. म्हणजे सुखरूप जाणं आणि उलटणं यांत ताशी दहा किलोमीटरचा फरक. उसाची ट्रॉली, कपाशीचा ट्रक, अर्धा भरलेला दुधाचा टँकर यांची मर्यादा याहूनही खाली असते. दुधाच्या टँकरमध्ये स्वच्छतेसाठी आतले आडवे पडदे नसतात, म्हणून दूध मोकळं हेलकावे घेतं. वळण सुरू झाल्यावर ब्रेक मारला की तो हेलकावा बाहेरच्या बाजूला जाऊन आदळतो. वेग वळणाच्या आधी उतरवायचा असतो.

उतरवणीतले मृत्यू तर वाहतुकीच्या आकडेवारीत धरलेच जात नाहीत, कारण गाडी उभी असते. राजस्थानातून, कर्नाटकातून येणाऱ्या संगमरवराच्या आणि ग्रॅनाइटच्या लाद्या ‘ए’ आकाराच्या लोखंडी चौकटीला दोन्ही बाजूंनी टेकवून उभ्या आणतात. २ सेंटिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन एका चौरस मीटरला ५४ किलो. ३ मीटर बाय १.८ मीटरची एक लादी २९० किलोची झाली. अशा दहा लाद्या एका बाजूला असतात. रस्त्याच्या कडेला, एक चाक गटाराकडे उतरलेल्या गाडीत हमाल चढतात, साखळी सोडतात, एका बाजूच्या लाद्या आधी उतरवून टाकतात. चौकटीवरचं वजन एकांगी होतं, गाडी आणखी कलते आणि उरलेल्या लाद्या पत्त्यांसारख्या एकापाठोपाठ हमालांच्या अंगावर येतात. हे टाळायची रीत अशी: गाडी सपाट जमिनीवर, दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं एकेक लादी, उरलेल्या लाद्यांची साखळी शेवटपर्यंत बांधलेली, आणि लादी व फाळका यांच्यामध्ये कुणीही उभं राहायचं नाही. यातली एकही गोष्ट महाग नाही.

आता घाटाकडे येऊ. ड्रायव्हरांच्या आठवणींत सर्वांत जास्त जागा घाटाला असते आणि सर्वांत जास्त अन्यायही इथेच होतो.

२८ टनांचा दहा चाकी ट्रक ३०० मीटर उंचीवरून खाली उतरतो तेव्हा सुमारे ८२ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सव्वादोन लिटर डिझेल जाळल्यावर निघेल इतकी ही उष्णता. इंजिननं ती घेतली नाही तर ती सहा ब्रेक ड्रममध्ये जाते. एक ड्रम ५० किलोचा धरला, तर सगळी उष्णता ड्रममध्येच राहिल्यास तापमान ५५० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात काही भाग वाऱ्यात जातो, काही टायरच्या घर्षणात. तरीही ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या लायनरची पकड सुटायला तीनशे-साडेतीनशे अंश पुरेसे असतात. दुसरीकडे ४१० मिलिमीटर व्यासाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला की त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरहून जास्त वाढतो. लायनरपासून तो दूर जातो, हवेच्या दाबानं ब्रेक ढकलणाऱ्या बूस्टरच्या दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं. स्लॅक अ‍ॅडजस्टर (दांड्याची धाव जुळवणारा भाग) आधीच सैल असेल तर दांडा पूर्ण बाहेर येऊनही लायनर ड्रमला नीट दाबत नाही. पायाखाली पेडल घट्ट लागतं, टाकीत हवा असते आणि गाडी थांबत नाही.

यानंतर जे होतं ते फार कमी लोकांना माहीत आहे. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासायला येतो तेव्हा काही तास, कधी एक-दोन दिवस गेलेले असतात. ड्रम थंड होऊन मूळ मापावर आलेला असतो. ब्रेक दाबला तर लागतो. अहवालात येतं: यांत्रिक दोष आढळला नाही. ड्रायव्हर म्हणतो ब्रेक लागले नाहीत, कागद म्हणतो ब्रेक चांगले आहेत, आणि खोटा ठरतो तो ड्रायव्हर. दोघंही खरं बोलत असू शकतात. तपासणीत लायनरचा रंग, काचेसारखा चकाकणारा पृष्ठभाग, ड्रमवरच्या निळसर खुणा आणि बारीक भेगा, प्रत्येक चाकाच्या दांड्याची धाव किती मिलिमीटर, हे नोंदवलं तर थंड झालेला ब्रेकही काय झालं ते सांगतो. तपासणी अहवालाच्या नमुन्यात हे रकाने सक्तीचे करायला कुठलाही नवा कायदा लागत नाही.

इथे ड्रायव्हरांच्या बाजूनं बोलतानाच हेही सांगितलं पाहिजे की त्यांच्या गप्पांमधलं सगळंच ज्ञान खरं नाही. उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं, ही समजूत माणसं मारते. गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर इंजिनला फिरवत असते, तेव्हा पंप डिझेल तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं. कुणी इंजिनच बंद करतं. मग हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, इंजिनच्या जोरावर गाडी आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक जातो, पॉवर स्टिअरिंग जड होतं. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर एका ट्रकनं ४८ वाहनांना ठोकरलं. ब्रेक फेल झाल्याची चर्चा लगेच सुरू झाली, पण उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं.

दुसरी समजूत ट्रेलरवाल्यांची. कंटेनरचे चार कोपऱ्यांतले लॉक उघडे ठेवायचे, म्हणजे कंटेनर कलंडला तर एकटा जाईल आणि गाडी वाचेल. हा विचार शेजारून जाणाऱ्या मोटारीतल्या माणसांना मोजतच नाही. शिवाय लॉक उघडे असले की कंटेनर एरवी कलंडला नसता अशा वळणावरही सुटतो. तिसरी, तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायची. बिडाचा ड्रम त्यानं तडकतो आणि ती भेग पुढच्या घाटात उघडते. या उलट, ज्या गिअरनं घाट चढतो त्याच गिअरनं उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम सोन्यासारखा आहे. वेग ठरवलेल्या मर्यादेला पोचला की ब्रेक एकदा ठाम दाबून आठ-दहा किलोमीटरनं खाली आणायचा आणि पूर्ण सोडायचा. पाय सतत ठेवून घासत न्यायचं नाही. खरं आणि खोटं असं एकत्र मिसळलेलं असताना ते निवडण्याचं काम कुणीतरी करायला हवं. आज ते कुणीच करत नाही आणि नवा मुलगा दोन्ही शिकतो.

जबाबदारी कुणाची याबद्दल कायदा अगदी मुका नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहेत. माल बाजूला, मागे किंवा उंचीला बाहेर आला तरी २०,००० रुपये. जो चालवतो, किंवा चालवायला लावतो, किंवा चालवू देतो, असे त्यातले शब्द आहेत. मालक गाडीत नसला तरी जादा वजन त्याच्या माहितीनंच भरलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं, हे कलम ११३ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयानं परमजित भसीन प्रकरणात २००५ मध्येच सांगितलं की दंड भरून तीच जादा वजनाची गाडी पुढे सोडता येणार नाही, माल उतरवलाच पाहिजे. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं वजनाची मर्यादाही वाढवली. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला १६.२ टनांवरून १८.५ टन. इतकं असूनही व्यवहारात पावती फाटते ती काट्यावर समोर उभ्या असलेल्या माणसाच्या नावानं. ज्या गोदामानं २५ टन भरून दिले ते चित्रातच येत नाही. आणि वजन मर्यादेत असलं पण बांधणी वाईट असली, तर विचारणारं कुणीच नाही. काट्यावर वजन कळतं. माल पुढच्या भिंतीला टेकला आहे का, कॉइलचा तळ उचललेला आहे का, हे काट्यावर दिसत नाही.

गाडी ड्रायव्हरची, ती तोच ओळखतो, म्हणून माल कसा बसलाय हे त्यानंच बघावं, असं माल पाठवणारे म्हणतात. या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. गाडीच्या अ‍ॅक्सलवर वजन कसं यावं हे ड्रायव्हरला जास्त कळतं. जर्मनीच्या व्यापारी कायद्यात ही वाटणी फार स्वच्छ केली आहे: माल प्रवासात हलणार नाही अशी भरणी करणं पाठवणाऱ्याचं काम, आणि गाडी रस्त्यावर चालायला सुरक्षित राहील हे बघणं वाहतूकदाराचं. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत २०१४ पासून लागू असलेल्या अवजड वाहन कायद्यात पाठवणारा, पॅक करणारा, भरणारा, वेळापत्रक ठरवणारा अशी सगळी साखळी उत्तरदायी आहे. ड्रायव्हरला मोकळं सोडावं असं कुणीच म्हणत नाही. त्याला एकट्याला धरू नये, एवढंच.

सीलबंद कंटेनरच्या बाबतीत तर पाठवणाऱ्यांचं म्हणणं उभंच राहत नाही. चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात कंटेनर भरून सील लागतं. आत यंत्राचे सुटे भाग एका टोकाला रचलेत की मध्ये, लाकडी अडसर आहेत की नाहीत, हे बघायला सील तोडायचा अधिकार ड्रायव्हरला नाही. हाच कंटेनर न्हावा-शेवाला जहाजावर चढायचा असेल तर १ जुलै २०१६ पासून पाठवणाऱ्यानं त्याचं तपासलेलं एकूण वजन लेखी द्यावंच लागतं. ते दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर घेत नाहीत. हा नियम येण्यामागे चुकीच्या वजनांच्या अपघातांचा इतिहास आहे. २००७ मध्ये इंग्लिश खाडीत एमएससी नॅपोली हे जहाज मोडलं, तेव्हा डेकवरच्या पुष्कळ कंटेनरांचं खरं वजन जाहीर केलेल्या वजनाशी जुळत नव्हतं. जहाज कलंडू नये म्हणून जगानं पाठवणाऱ्याची सही मागितली. तोच कंटेनर बोरघाट उतरत असताना त्याच्या आतल्या मालासाठी कुणाचीच सही लागत नाही.

मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या ई-वे बिलात मालाचा प्रकार, किंमत, गाडीचा नंबर, अंतर हे सगळं आज भरावं लागतं. त्यालाच चार ओळी जोडता येतील: काट्यावरचं प्रत्यक्ष वजन, भरणी करणाऱ्या सुपरवायझरचं नाव, माल कशानं अडवला आणि कशानं बांधला, आणि गाडी गेटाआत आल्याची व बाहेर गेल्याची वेळ. शेवटची नोंद किरकोळ वाटेल, पण तिचं मोल फार आहे. दिवसभर रांगेत ताटकळून रात्री भरलेली गाडी घेऊन लगेच निघालेला ड्रायव्हर पहाटे झोपेत दुभाजकावर चढतो, तेव्हा त्या रांगेचा हिशेब कुठेतरी लागला पाहिजे. बांधणीसाठी रबरी मॅट, ओंडके, पट्टे कुणी पुरवायचे हेही त्यातच ठरेल. आज कमी भाड्यात धंदा करणारा एका-दोन गाड्यांचा मालक ते घेत नाही आणि मिल म्हणते आमचं काम नाही.

दुसरा भाग आठवणींचा. ड्रायव्हर ढाब्यावर जे मोकळेपणानं सांगतो ते पोलीस ठाण्यात सांगणार नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याची शिक्षा आधी दोन वर्षांपर्यंत होती, भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली. अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंतची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि ती तरतूद लागू करणं सरकारला थांबवावं लागलं. अशा वातावरणात ‘माल सैल होता हे मला माहीत होतं, तरी निघालो’ असं कोण लिहून देईल? विमान वाहतुकीनं हा पेच फार पूर्वी सोडवला. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक स्वतःच्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात नासाकडे गोपनीय कळवतात. नासा हवाई नियमनाचं काम करत नाही, म्हणून ते विश्वास ठेवतात. नाव काढून टाकून त्यातून धडे प्रसिद्ध होतात.

ट्रकसाठी असं केंद्र महाराष्ट्रात उभं राहू शकतं, कारण त्याला लागणारं ज्ञान पुण्यातच आहे. भोसरीची केंद्रीय रस्ता परिवहन संस्था १९६७ पासून रस्ते वाहतुकीवर काम करते आहे. पोलीस आणि आरटीओ यांच्यापासून वेगळा एक दूरध्वनी क्रमांक हवा, लिहून पाठवायची सक्ती नको, मराठी-हिंदीत बोलून नोंद करता यावी. विचारायचे प्रश्नही ठरलेले असावेत: कोणता माल, किती, कुठल्या गाडीवर, कसा बांधलेला, काय सुटलं, कुठल्या वळणावर. टळलेले अपघात झालेल्या अपघातांहून मोलाचे असतात, कारण सांगणारा जिवंत असतो आणि माल बहुधा जागेवर असतो. एकाच मिलच्या सळईबद्दल, एकाच घाटातल्या एकाच वळणाबद्दल वर्षभरात दहा फोन आले, तर कुठे जायचं हे पाहणी करणाऱ्याला कळेल.

या सगळ्यात केंद्राच्या कायद्याची वाट न बघता राज्याला उद्या करता येईल असं एक काम आहे. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा आहे. त्यामुळे आपल्याकडे हमालांच्या नोंदणीकृत टोळ्या आणि त्यांची मंडळं आहेत. मालवाल्याकडून लेव्ही, म्हणजे मजुरीवरचा जादा आकार, घेण्याची व्यवस्थाही त्यातच बसलेली आहे. वाराई, म्हणजे भरणी-उतरवणीची मजुरी, कुणी द्यायची यावर वाहतूकदारांनी ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ अशी मोहीम चालवली, तेव्हा भांडण पैशाचं होतं. त्याच मंडळांनी भरणीचं प्रशिक्षण हाती घ्यावं. सळई, कॉइल, लाद्या, गुळगुळीत गोण्या या चार मालांसाठी प्रत्येकी दोन दिवस पुरतील, आणि शिकवायला निवृत्त ड्रायव्हर बोलवावेत. आज हमालाला टनावर किंवा गोणीवर पैसे मिळतात, म्हणून तो घाई करतो. ओंडके बसवण्याच्या आणि साखळी ताणण्याच्या कामाचा वेगळा दर वाराईच्या तक्त्यात आला, तर ते काम होईल. तो दर मालवाल्याच्या लेव्हीतून जावा, ड्रायव्हरच्या खिशातून नाही.